बिऱ्हाड बेंगळुरूला न्यावे की नाही

मुंबई किंवा पुणे सोडून बेंगळुरूला जाण्याचा प्रश्न घरात शिरतो तो बहुधा नोकरीच्या पत्राबरोबर. पत्रात वर्षाचा पगार असतो, रुजू होण्याची तारीख असते आणि होकार कळवायला थोडे दिवस असतात. तेवढ्या दिवसांत जो हिशेब मांडला जातो, तो नव्या पगारातून जुना पगार वजा करण्याचा. त्यात घरभाडे येते, सणावाराला गावी येण्याचे भाडे येते, मुलांच्या शाळेची फी येते. आकडा बरा दिसला की होकार जातो.

बिऱ्हाड हलवताना मात्र दोन जातींच्या गोष्टी हलतात. भाड्याचे घर, सामान, गॅसची जोडणी, फार काय नोकरीसुद्धा वर्षभरात बदलता किंवा पूर्ववत करता येते. मुलाची सहावी ते दहावीची वर्षे, जोडीदाराने सोडलेली कायम नोकरी, म्हाताऱ्या आईवडिलांना असलेला शेजार या गोष्टी एकदा हलल्या की जुन्या जागी नीट बसत नाहीत. पगाराच्या वजाबाकीत पहिल्या जातीच्या गोष्टी सहज मांडता येतात, म्हणून चर्चा त्यांचीच होते. दुसऱ्या जातीच्या गोष्टींना रुपयांत भाव नसतो आणि त्या बोलण्यातून निसटतात. निर्णय चुकतो तो बहुतेक तिथेच.

कामाचा पाया

इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यात सुरू झाली आणि १९८३ साली तिने आपले बिऱ्हाड बेंगळुरूला हलवले. तेव्हा बेंगळुरू संगणकाचे शहर म्हणून ओळखले जात नव्हते. पण तिथे १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था होती, १९४० पासून विमानाचा कारखाना होता, आणि स्वातंत्र्यानंतर टेलिफोन, घड्याळे, यंत्रे, रडार बनवणारे सरकारी कारखाने एकामागून एक उभे राहिले होते. त्या कारखान्यांनी अभियंते आणले, त्यांच्या वसाहती बांधल्या, त्यांच्या मुलांसाठी शाळा आणि महाविद्यालये निघाली. सॉफ्टवेअरचा उद्योग या तयार जमिनीवर वाढला.

नोकरदाराच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ असा की बेंगळुरूची खरी मिळकत पगाराच्या आकड्यात नाही, ती पर्यायांत आहे. सॉफ्टवेअर, चिप डिझाइन, अंतराळ व विमान अभियांत्रिकी, जैवतंत्रज्ञान या क्षेत्रांत हातातली नोकरी गेली तर दुसरी त्याच शहरात, घर न बदलता मिळण्याची शक्यता तिथे इतर कोणत्याही भारतीय शहरापेक्षा जास्त आहे. पुण्यात हिंजवडी आणि खराडी आहेत, काम भरपूर आहे. तरी एखाद्या विशेष कौशल्याला चार-पाच कंपन्यांपलीकडे गिऱ्हाईक नसेल, तर चाळिशीतल्या माणसाला बेंगळुरूचा विचार करावाच लागतो.

हेच दुसऱ्या बाजूने पाहिले तर बँकिंग, विमा, भांडवली बाजार, जाहिरात, चित्रपट, जहाजवाहतूक यांत मुंबईला आजही तोड नाही. रिझर्व्ह बँक, सेबी आणि दोन्ही मोठे शेअर बाजार तिथे आहेत. या क्षेत्रातल्या माणसाने थोड्या जास्त पगारासाठी मुंबई सोडली तर पुढची बढती त्याला पुन्हा मुंबईतच शोधावी लागते.

घरात दुसरा पगार असेल तर त्याचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा आणि तो आधी करायला हवा. चार्टर्ड अकाउंटंटला राज्य बदलल्याने काही अडत नाही. डॉक्टरला कर्नाटकच्या वैद्यकीय परिषदेत नोंदणी करावी लागते. वकिलाला सनद एका राज्याच्या बार कौन्सिलकडून दुसरीकडे हलवता येते आणि १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार त्याला शुल्क लागत नाही. पण वकिलाचे खरे भांडवल सनदेत नसते. ते ओळखीच्या अशिलांत आणि खालच्या कोर्टाच्या भाषेत असते, आणि ती भाषा तिथे कन्नड आहे. महानगरपालिकेच्या मराठी शाळेतली शिक्षिका, राज्य सरकारच्या खात्यातली लिपिक, सहकारी बँकेतली अधिकारी यांच्यासाठी तर बेंगळुरूत समांतर जागाच नाही. अशा घरात स्थलांतर म्हणजे एका पगारात झालेली वाढ आणि दुसऱ्याचा शेवट. तो शेवट बहुधा बाईच्या वाट्याला येतो. निवृत्तिवेतन, सेवाज्येष्ठता, स्वतःच्या नावाची मिळकत या सगळ्याचा तो शेवट असतो, त्यामुळे त्याची किंमत एका वर्षाच्या पगाराएवढी धरून चालत नाही.

स्टेशन आणि सिग्नल

मुंबईचा माणूस घर निवडतो तेव्हा स्टेशन निवडतो. ठाण्याहून सीएसएमटी ३४ किलोमीटर, विरारहून चर्चगेट ६०. गर्दी जीवघेणी असते, पण किती वाजताची लोकल धरली की किती वाजता उतरू हे सांगता येते. अंतर आणि वेळ यांचे नाते ठरलेले असल्यामुळे लोक कल्याण-बदलापूरपर्यंत घरे घेऊ शकले. नोकरी फोर्टातून बीकेसीला किंवा अंधेरीला गेली तरी घर हलवावे लागत नाही, रूळ तेच राहतात.

बेंगळुरूत हे नाते तुटलेले आहे. शहर वाढले ते रस्त्यांवर, आणि नोकऱ्या केंद्रात न राहता कडेला गेल्या: पूर्वेला व्हाइटफील्ड, दक्षिणेला इलेक्ट्रॉनिक सिटी, त्यांच्यामध्ये बाह्य वळण रस्त्यावर मारतहळ्ळी आणि बेळ्ळंदूर, उत्तरेला मान्यता टेक पार्क. नकाशावर दहा किलोमीटर दिसणारे अंतर रविवारी सकाळी वीस मिनिटांचे असते आणि मंगळवारी संध्याकाळी पाऊस आला तर दीड तासाचे. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या मोजणीत बेंगळुरूत दहा किलोमीटरला सरासरी सुमारे ३४ मिनिटे लागली. त्याच मोजणीत पुणे सुमारे ३३ मिनिटांवर होते. म्हणजे रहदारीला कंटाळून कोणी पुण्याहून निघत असेल तर त्याची सुटका होत नाही, आणि रहदारीच्या भीतीने पुण्याचा माणूस नकार देत असेल तर ती भीतीही फारशी खरी नाही. धक्का बसतो तो मुंबईकराला.

मेट्रोने चित्र काही ठिकाणी बदलले आहे. जांभळी मार्गिका ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हाइटफील्डपासून चल्लघट्टपर्यंत सलग झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पिवळी मार्गिका आर. व्ही. रोडपासून सिल्क बोर्ड ओलांडून इलेक्ट्रॉनिक सिटी आणि पुढे बोम्मसंद्रापर्यंत जाते. सिल्क बोर्डचा चौक हे बेंगळुरूच्या रहदारीचे सर्वांत बदनाम नाव, आणि त्याच्यावरून आता गाडी जाते. बाह्य वळण रस्त्यावरची मार्गिका मात्र पिवळी सुरू झाली तेव्हाही बांधकामातच होती, आणि त्या पट्ट्यात नोकरी असणारे रस्त्यावरच अवलंबून होते.

यातून निघणारा नियम सोपा आहे आणि तो मुंबईच्या सवयीच्या उलट आहे. आधी कचेरी कुठे ते पक्के करायचे, मग तिच्यापासून मेट्रोने किंवा चार-पाच किलोमीटरच्या आत घर पाहायचे. दोघे नोकरी करत असतील आणि एकाची कचेरी व्हाइटफील्डला, दुसऱ्याची मान्यताला असेल तर मधले घर दोघांनाही लांब पडते. तिथे एकाच्या जवळ राहणे हाच मार्ग, आणि जवळ कोणाच्या राहायचे ते शाळा जिकडे त्यावरून ठरते.

रविवारी घर शोधताना

एचएसआर ले-आउट, बीटीएम, जयनगर, कोरमंगल या भागांत रविवारी सकाळी गल्ल्यांतून फिरले की फाटकांना टांगलेल्या ‘टू लेट’च्या पाट्या दिसतात. पाटीवर फोन नंबर आणि कधी कधी ‘फक्त कुटुंबासाठी’ किंवा ‘फक्त शाकाहारी’. मालक बहुधा त्याच इमारतीत तळमजल्यावर किंवा वरच्या मजल्यावर राहतो. तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर तीन-चार मजले चढवून एक मजला स्वतःला आणि बाकीचे भाड्याला, ही बेंगळुरूतल्या मध्यमवर्गाची जुनी गुंतवणूक आहे. भाडेकरूची मुलाखत मालकीणबाई जिन्यातच घेतात: कुठले गाव, कोणती कंपनी, घरी कोण कोण, पाहुणे फार येतात का. मराठी कुटुंबाला ही मुलाखत सदाशिव पेठेतल्या किंवा गिरगावातल्या मालकांची आठवण देणारी असते. पटले तर हेच मालक पुढे कुरिअर घेऊन ठेवतात, मुलाला संध्याकाळी सांभाळतात. मोठ्या संकुलांतले फ्लॅट हा दुसरा पर्याय. तिथे मालक दूर आणि सगळा व्यवहार ॲपवर. महाराष्ट्रातल्यासारखी सहकारी गृहनिर्माण सोसायटी तिथे क्वचित असते, फ्लॅटधारकांची असोसिएशन असते.

पैशांच्या रिवाजात मोठा फरक आहे तो अनामत रकमेचा. बेंगळुरूत दहा महिन्यांचे भाडे अनामत देण्याची जुनी पद्धत आहे. अलीकडे पाच-सहा महिन्यांवर सौदा होतो, पण जुन्या भागांतले मालक दहावर अडून बसतात. घर सोडताना रंगकामाचे म्हणून साधारण एक महिन्याचे भाडे त्यातून कापले जाते. हे करारात आधी लिहिलेले असते आणि बहुतेक लोक ते सही करताना वाचत नाहीत. नव्या शहरात पहिल्याच महिन्यात एवढी रक्कम रोख लागते, त्यामुळे कंपनी स्थलांतराचा भत्ता देत असेल तर तो पहिल्या पगारासोबत मागण्यात हशील नाही, रुजू होण्याआधी मागावा.

‘लीज’ हा तिथला आणखी एक प्रकार. दोन-तीन वर्षांसाठी मालकाला मोठी रक्कम एकदम द्यायची, दरमहा भाडे द्यायचे नाही आणि मुदत संपल्यावर रक्कम परत घ्यायची. मुंबईतल्या ‘हेवी डिपॉझिट’चा हा भाऊ. मालकाने ते घर आधीच बँकेकडे तारण ठेवले असेल किंवा मुदतीनंतर त्याच्याकडे पैसेच नसतील तर भाडेकरूची सगळी बचत अडकते. अनोळखी शहरात पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये.

करारातही फरक आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते. बेंगळुरूत अकरा महिन्यांचा करार मुद्रांकावर होतो आणि सहसा नोंदवला जात नाही, कारण नोंदणीची सक्ती वर्षाच्या भाडेपट्ट्यापासून लागते. बँक किंवा आधार केंद्र पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदलेला करार मागते तेव्हा ही अडचण कळते.

घर विकत घेण्याची घाई पहिल्या वर्षी टाळलेली बरी. तिथल्या मालमत्तेची भाषा वेगळी आहे. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, भोगवटा प्रमाणपत्र ओळखणाऱ्याला ‘ए खाता’ आणि ‘बी खाता’ यांतला फरक नव्याने शिकावा लागतो. बी खाता म्हणजे कर भरला जातो पण ले-आउट किंवा बांधकाम यांत काही अनियमित आहे अशी नोंद. दलाल हा फरक किरकोळ म्हणून सांगतो. कर्ज आणि पुढची विक्री या दोन्ही वेळी तो किरकोळ राहत नाही.

कावेरी की बोअर

घर पाहताना जो प्रश्न मुंबईकराला सुचतच नाही, तो बेंगळुरूत पहिला विचारायचा असतो: पाणी कावेरीचे की बोअरचे? मुंबईचे बरेचसे पाणी वैतरणा, तानसा अशा तलावांतून उतारानेच शहरात येते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे आणि कावेरी खाली वाहते. पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळपास पाचशे मीटर वर उपसून आणावे लागते. शहराची हवा सुखाची आहे ती याच उंचीमुळे, आणि पाणी महाग आहे तेही याच उंचीमुळे.

२००७ साली शहरात ११० गावे सामील झाली. आज ज्या भागांत तंत्रज्ञानाच्या कंपन्या आणि नवी संकुले आहेत, त्यांतले बरेच भाग याच गावांच्या जमिनीवर आहेत. कावेरीची वाहिनी तिथे पोचायला अनेक वर्षे लागली आणि तोवर बोअर व टँकर यांवर वसाहती वाढल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यास आणि बागेला पाणी घालण्यास बंदी आली, मोडणाऱ्याला ५००० रुपये दंड होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या गावांसाठी कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला ७७५ दशलक्ष लिटर क्षमतेचा. मुख्य वाहिनी आली म्हणजे प्रत्येक संकुलाच्या टाकीत पाणी आले असे नव्हे, जोडणी संकुलाने घ्यावी लागते. म्हणून संकुलात गेल्यावर एप्रिल महिन्याचे देखभालीचे बिल दाखवायला सांगावे. टँकरवर किती खर्च झाला ते त्यात लिहिलेले असते.

सहावी ते दहावी

शाळेचा विषय सगळ्यांत जास्त वेळ मागणारा आहे, कारण त्यातले परिणाम पाच-सात वर्षांनी दिसतात.

लहान मुलाला शहर बदलणे सोपे जाते. दुसरी-तिसरीतले मूल सहा महिन्यांत नवे मित्र करते आणि पालकांच्या आधी कन्नड बोलू लागते. कर्नाटकात २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड आणले, जसे महाराष्ट्राने २०२० च्या कायद्याने मराठी आणले. पहिली-दुसरीत हा विषय ओझे होत नाही. सातवीत आलेल्या मुलाला मात्र लिपीपासून सुरुवात करावी लागते आणि वर्गातली बाकीची मुले धडे वाचत असतात. अशा मुलाला शाळा कोणती सोय देते हे प्रवेश घेण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

खरी गाठ पडते ती बारावीनंतरच्या प्रवेशात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात. महाराष्ट्राच्या त्या जागांसाठी अधिवासाबरोबर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या लागतात. कर्नाटकचा मुख्य नियम निराळा आहे: पहिली ते बारावी या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकात शिकलेली हवीत आणि दहावी किंवा बारावी तिथून उत्तीर्ण हवी.

हे दोन नियम शेजारी ठेवले की एक फट दिसते. सहावीच्या आरंभी बेंगळुरूत आलेले मूल बारावीपर्यंत सात वर्षे भरते आणि कर्नाटकचे होते. सातवी किंवा आठवीत आलेल्या मुलाची सात वर्षे भरत नाहीत, आणि दहावी बेंगळुरूत झाल्यामुळे ते महाराष्ट्राच्या वैद्यकीय जागांतूनही बाहेर पडते. केंद्र सरकारचे कर्मचारी, सैन्यातले पालक अशांसाठी दोन्ही राज्यांत अपवाद आहेत. खासगी कंपनीत बदलून आलेल्या कुटुंबाला त्यांचा उपयोग नाही. अशा मुलापुढे उरतात अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागा, अभिमत विद्यापीठे आणि मोठी फी. अभियांत्रिकीत परिस्थिती इतकी कडक नाही. महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या पालकांच्या मुलांसाठी काही वाटा आहेत, जेईईला राज्याची अट फारशी आड येत नाही, आणि कर्नाटकातल्या खासगी महाविद्यालयांची कॉमेडके परीक्षा सगळ्या देशाला खुली आहे. पण मुलीला डॉक्टर व्हायचे आहे असे घरात बोलले जात असेल आणि ती सातवीत असेल, तर नोकरीचे पत्र बाजूला ठेवून आधी त्या वर्षीच्या दोन्ही राज्यांच्या माहितीपुस्तिका वाचायला हव्यात. हे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर भागत नाही.

पर्याय आहेत, त्रासाचे असले तरी. एक पालक दोन-तीन वर्षे एकटा बेंगळुरूत राहतो आणि बाकी घर दहावी-बारावीपर्यंत पुण्या-ठाण्यातच थांबते. शुक्रवारी संध्याकाळी बेंगळुरूहून सुटणाऱ्या पुण्याच्या रात्रीच्या बसमध्ये लॅपटॉपची पिशवी घेऊन चढणाऱ्यांत असे बाप, आणि आता अशा आयाही, पुष्कळ असतात. सुमारे साडेआठशे किलोमीटर, रात्रभराचा प्रवास, शनिवारी घर आणि रविवारी पुन्हा बस.

आणखी एक नुकसान मोजले जात नाही ते मराठी वाचनाचे. बेंगळुरूच्या इंग्रजी शाळेत मुलाच्या वाट्याला इंग्रजी, कन्नड आणि हिंदी येतात. मराठी घरात बोलण्यापुरती राहते. देवनागरी हिंदीमुळे येते, त्यामुळे मराठी वाचता येईलच असे पालक धरून चालतात. रोज अर्धे पान मोठ्याने वाचून घेतले नाही तर दहाव्या वर्षी मूल आजीचे पत्र वाचायचे टाळू लागते. शाळा हे करणार नाही, ते घरीच करावे लागते.

मागे राहणारी माणसे

आईवडिलांना सोबत न्यायचे की त्यांच्या घरी ठेवायचे, हा प्रश्न ते सत्तरीत असतानाच विचारलेला बरा. ऐंशीत तो आजारपणाच्या जोडीने येतो.

डोंबिवलीतल्या किंवा कोथरूडमधल्या वृद्ध जोडप्याचा दिवस अनेक बारीक आधारांवर उभा असतो: ओळखीचा औषधवाला, खालच्या मजल्यावरची शेजारीण, ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा, देवळातले कीर्तन, तीस वर्षांपासूनचे डॉक्टर. बेंगळुरूत नवव्या मजल्यावरच्या चांगल्या फ्लॅटमध्ये यांतले काहीच नसते. मुलगा आणि सून दिवसभर बाहेर, कामाला येणारी बाई तमिळ किंवा तेलुगू बोलणारी. डॉक्टर हिंदी-इंग्रजी बोलतात, पण छातीत नेमके काय होते आहे ते मराठीशिवाय सांगता न येणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी दुभाषा लागतो. उन्हाळ्याचे तीन महिने आणि मग आपल्या घरी परत, अशी वाटणी बऱ्याच कुटुंबांना जमते, कारण एप्रिल-मेमध्ये बेंगळुरूची संध्याकाळ पावसाच्या सरीने गार होते आणि तेव्हा मुलांना सुट्टी असते.

आईवडील मागे राहिले तर अंतराचा हिशेब तासांत करावा, किलोमीटरांत करू नये. विमान मुंबईला पावणेदोन तासांत उतरते. पण बेंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या मध्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीतून निघून डोंबिवलीच्या घरात पाऊल टाकेपर्यंत सात तास सहज जातात. उद्यान एक्सप्रेसला सीएसएमटीपर्यंत जवळजवळ चोवीस तास लागतात. रात्री दोनला फोन आला तर पहिले सात तास कोण धावणार, त्या माणसाचे नाव जाण्याआधीच ठरलेले असावे, त्याच्याकडे घराची किल्ली आणि विम्याची कागदपत्रे असावीत.

मागे राहणाऱ्यांत घरही येते. ठाण्यातला फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेते, आणि भाड्यावर प्राप्तिकर ३० टक्के प्रमाणित वजावट सोडून लागतो. पहिल्या वर्षी तो विकू नये. विकलेल्या पैशांत पाच वर्षांनी त्याच गल्लीत तेवढेच घर परत मिळेल याची शाश्वती मुंबई परिसरात कोणी देऊ शकत नाही.

कन्नड

बेंगळुरूत हिंदी आणि इंग्रजीवर दिवस निघतो. याचा तोटा असा की पाच-सात वर्षे राहूनही शहराशी ओळख होत नाही. बसवरची पाटी, रिक्षावाल्याशी घासाघीस, वॉर्ड कचेरीतला अर्ज, मालकीणबाईंच्या घरचे लग्न या सगळ्यांच्या बाहेर माणूस उभा राहतो.

२०२४ साली कर्नाटकाने दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देणे कायद्याने सक्तीचे केले. त्याआधी शहरात पाट्यांवरून आंदोलनही झाले होते. मराठी माणसाला यामागची भावना समजावून सांगण्याची गरज नसावी. मुंबईत मराठी पाट्यांची मागणी ज्या कारणाने रास्त वाटते, त्याच कारणाने बेंगळुरूत कन्नडची मागणी रास्त आहे. तिथे जाऊन भाषा शिकण्यास नकार देणे हे आपल्याच मागणीच्या विरुद्ध जाणे होय. पहिल्या वर्षी बोलण्यापुरते आणि दुसऱ्या वर्षी वाचण्यापुरते कन्नड आले पाहिजे.

मराठी माणसे तिथे नवीनही नाहीत. १६३८ साली बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जुन्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरे आहेत, ज्यांच्या बोलीत कन्नड पूर्ण मिसळलेले आहे. रजनीकांत अशाच एका बेंगळुरूतल्या मराठीभाषक घरातले, आणि चित्रपटात जाण्यापूर्वी त्याच शहरात बसवाहक होते. उलट दिशेनेही माणसे आली: गदगचे भीमसेन जोशी पुण्याचे झाले. दोन्हीकडे अमावास्येला संपणारा महिना मानतात, त्यामुळे पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. दिवाळीत नरक चतुर्दशीला आणि बलिप्रतिपदेला तिथे सरकारी सुट्टी असते. गांधीनगरमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत तिथे गर्दी होते. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस थांबतात, बातम्या भडक होतात. बेळगावातला तो ताण बेंगळुरूच्या रोजच्या व्यवहारात सहसा जाणवत नाही.

सामान, गाडी, कागद

सामान नेणाऱ्यांचा धंदा भावाच्या खेळावर चालतो. फोनवर सांगितलेला सर्वांत कमी भाव बहुधा अर्ध्या ट्रकचा असतो. दुसऱ्याचे सामान त्याच गाडीत येते आणि वाटेत गोदामात उतरते. पैसे वाढवून मागून सामान अडवण्याचे प्रकार तिथेच होतात. घरी येऊन सामान पाहून दिलेला लेखी भाव, वस्तूंची यादी आणि शेवटचा हप्ता उतरवल्यावर, एवढ्या तीन गोष्टी आग्रहाने धराव्यात. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीचे ई-वे बिल लागत नाही. वाटेत त्याच्या नावाने पैसे मागितले तर देऊ नयेत.

गाडीचा प्रश्न सामानापेक्षा महाग पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिले तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, कर्जाची गाडी असेल तर बँकेचेही. कर्नाटकात पेट्रोल-डिझेल मोटारींचा आजीवन कर किमतीप्रमाणे साधारण १३ ते १८ टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होतो, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग अर्ज करून परत मागता येतो. परतावा मिळायला वेळ लागतो, भरणा मात्र लगेच करावा लागतो. आठ-दहा वर्षे जुनी गाडी असेल तर ती इथेच विकून जाणे बहुधा स्वस्त. चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपनीच्या नोकरदाराला २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेचा क्रमांक घेता येतो. नवी गाडी घ्यायची असेल आणि पुढेही बदल्या होणार असतील तर तो सोयीचा आहे.

बाकी कागद कंटाळवाणे असले तरी त्यांना वेळेवर हात लावल्यास फायदा होतो. मतदार यादीतले नाव फॉर्म ८ भरून हलते. गॅसची जोडणी सोडताना वितरकाकडून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचे. आधारवरचा पत्ता लवकर बदलावा, कारण जून २०२३ पासूनचा कर्नाटकातला महिलांचा मोफत बसप्रवास राज्यातल्या रहिवासी महिलांसाठी आहे आणि तो आधारवरच्या पत्त्याने सिद्ध होतो. घरगुती विजेच्या दोनशे युनिटपर्यंतच्या सवलतीत भाडेकरूही येतात. आधार मीटरच्या आरआर क्रमांकाशी जोडावे लागते.

पहिले अकरा महिने

मेअखेर बेंगळुरूत गेलेल्या कुटुंबाच्या मुदती पुढच्या उन्हाळ्यात एकत्र येतात. भाड्याचा करार एप्रिलमध्ये संपतो, गाडीचे बारा महिने मेमध्ये भरतात. शाळेचा निर्णय मात्र त्याच्या बराच आधी घ्यावा लागतो, कारण खासगी शाळांचे पुढच्या वर्षीचे प्रवेश दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. दिवाळीला घरी आल्यावर, जाऊन पाच महिने झालेले असताना, राहायचे की परतायचे याची पहिली चर्चा व्हायला हवी, आणि ती मुलांसमोर, आईवडिलांसमोर व्हायला हवी. तोपर्यंत ठाण्या-पुण्याचे घर हातात ठेवावे, जोडीदाराला बिनपगारी रजा मिळत असेल तर राजीनाम्याऐवजी तीच घ्यावी, आणि जुन्या शाळेत परत प्रवेश मिळेल का हे मुख्याध्यापकांना विचारून ठेवावे. राहायचे ठरले तर जानेवारीत आरटीओच्या ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज करावा, मालकाशी भाडेवाढ बोलून घ्यावी आणि जोडीदाराच्या नोकरीचा शोध बेंगळुरूत सुरू करावा.